आठ महिने वापरलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस

गणपतीच्या आवराआवरीत माळ्यावरून बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक खाली आला, त्याला आता आठ महिने झाले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या परवान्याने भारतात विकलेलं हेच ते यंत्र. ४८ के मेमरी, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते आलं तेव्हा मी चौथीत होतो.

तुमच्याकडे असेल तर माळ्यावरून काढून थेट प्लग लावू नका. त्याला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो; हल्लीचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. जुने कपॅसिटरही आधी बदलून घ्या. कीबोर्डखालची मेम्ब्रेन, म्हणजे बटणांचे दाब टिपणारा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, पापडासारखी झाली होती, सॉकेटमधून काढताना पट्टी हातात तुटून आली. नवी परदेशातून मागवली, तेव्हापासून एकही बटण अडलेलं नाही. एरियलच्या पिनमधून आताच्या टीव्हीवर चित्र धड दिसेना, तेव्हा ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी मॉड्युलेटरच्या (एरियलसाठी सिग्नल बनवणाऱ्या) डबीतून थेट कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे टीव्हीच्या व्हिडिओ पिनमध्ये जाणारा सिग्नल, काढून दिला.

वापरायला आजही सुखाचं आहे. वीज दिली की क्षणात सिंक्लेअरची १९८२ची कॉपीराइटची ओळ दिसते. जे दाबलं की ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटतो, पी दाबलं की ‘प्रिंट’. माझी बोटं हे विसरलेली नव्हती. रंगांची मर्यादा मात्र जाणवते: आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग मावतात, त्यामुळे खेळातला माणूस झाडापुढून गेला की झाडाचा रंग घेतो. तास-दीड तासाने वरची उजवी बाजू तापते. मी तेवढ्यावर थांबतो.

खरी परीक्षा कॅसेटची; यात प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साध्या कॅसेटवर साठवतात आणि टेपरेकॉर्डर लावून परत लोड करतात. मोबाईलमधून आवाज दिला तर खेळ पहिल्या झटक्यात लोड होतात, पण मला बाबांच्याच कॅसेट हव्या होत्या. मे महिन्याच्या सुट्टीत ते मासिकातले प्रोग्रॅम वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायचो. एकदा दोन तासांची मेहनत सेव्ह करायच्या आत वीज गेली. बाबा रागावले नाहीत, मेणबत्ती लावून बसले आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

‘भिशी ८९’ लिहिलेली कॅसेट सहा वेळा ‘टेप लोडिंग एरर’वर आपटली. मग टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा (टेप वाचणाऱ्या भागाजवळचा) बारीक स्क्रू केसभर फिरवत, आवाज सर्वांत धारदार कुठे होतो ते ऐकत बसलो. सातव्यांदा पडद्याच्या कडेला लोडिंगचे लाल-निळसर जाड पट्टे आले, मग निळे-पिवळे बारीक, आणि ते शेवटपर्यंत टिकले.

वाड्यातल्या बारा बायकांची नावं, प्रत्येकीपुढे पन्नास रुपये आणि महिना. बाबांनी आईसाठी लिहिलेला प्रोग्रॅम. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. पडदा भरला, खाली पुढचं दाखवू का विचारणारं ‘स्क्रोल?’ आलं. मी बटणावर बोट ठेवलं.

“थांब,” आई म्हणाली, “अजून दाबू नकोस.”