पक्षनिधीच्या कायद्यांचा डेटाबेस: उत्तराखालची टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

पक्ष आणि उमेदवारांच्या पैशांचे कायदे देशोदेशी ताडून पाहायचे असतील, तर इंटरनॅशनल आयडिया या स्टॉकहोमच्या संस्थेचा पॉलिटिकल फायनान्स डेटाबेस जरूर वापरा. मोफत आहे. त्यात प्रत्येक देशासाठी तेच प्रश्न विचारून कायद्यानुसार उत्तरं दिलेली असतात. प्रश्नांचे चार गट: देणग्यांवरची बंदी व मर्यादा, सरकारी निधी, खर्चाचे नियम, आणि हिशेब-देखरेख-शिक्षा. तुलना करायची तर देशापासून नव्हे, प्रश्नापासून सुरुवात करा, वेळ वाचतो.

घोळ होतो तो 'हो-नाही' उत्तरांत. खर्चाची मर्यादा पक्षाला वेगळी विचारलेली असते, उमेदवाराला वेगळी. भारतात उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. ब्रिटनमध्ये दोघांनाही आहे. एकच रकाना पाहिला की निष्कर्ष फसलाच. गटही जोडीने वाचावे लागतात: अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या 1976 च्या बकली निकालात देणगीची मर्यादा टिकली, उमेदवाराच्या खर्चाची मात्र गेली.

दुसरा धोका शिळ्या नोंदीचा. आपल्याकडचे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरवले. असा निकाल आला की आधीची उतरवून घेतलेली माहिती निरुपयोगी होते. म्हणून उत्तराखालची टीप आणि कलमाचा संदर्भ उघडा, मग मूळ कायद्याशी पडताळा.

कायदा कागदावर काय म्हणतो तेवढंच इथे कळतं. रोखीने वाटलेला पैसा कोणत्याच रकान्यात दिसत नाही.