दिवाळीचं उटणं की शाडूचा बाप्पा? अवयवांची नावं शिकवायला कुठला सण बरा

सणाच्या निमित्ताने लहान मुलांना अवयवांची नावं शिकवायची म्हटलं की हमखास पुढे येतो तो गणपतीचं चित्र असलेला छापील कागद. कान कापा, सोंड चिकटवा. मूल अर्धा तास गुंतून राहतं हे खरं, पण शिकतं ते कात्री आणि डिंक. सणात एरवीही हाताने, अंगाने जे केलं जातं तेच वापरायचं ठरवलं, तर माझ्या मते खरी निवड दोनांतच आहे: दिवाळीचं अभ्यंगस्नान आणि शाडूचा गणपती. पोळ्याचाही विचार करता येईल, त्याबद्दल पुढे.

आधी मुलाचं वय बघा. दोन वर्षांच्या आसपासचं मूल "नाक कुठंय?" म्हटल्यावर बोट लावून दाखवतं. ते स्वतःच्या अंगावरच शिकतं, आणि त्याच्यासाठी तेल-उटण्याला तोड नाही. टाळूवर तेल जिरवताना टाळू, मग कानाच्या पाळ्या, मान, खांदे, काख (इथे गुदगुल्या ठरलेल्या), कोपर, मनगट, बेंबी, गुडघे, पोटऱ्या, घोटे, टाचा. हात लागतो त्याच क्षणी शब्द कानावर पडतो. यातले निम्मे शब्द चित्राच्या कागदावर येतच नाहीत. डोळे-नाक-कान सगळ्यांना येतात. पोटरी आणि घोटा म्हटलं की हल्ली आईबाबाच क्षणभर थबकतात. शूच्या जागेचं नावही न लाजता सांगायला आणि तिथे कुणी हात लावायचा नाही हे समजवायला न्हाणीघरासारखी सहज जागा दुसरी नाही.

कोकणात आणि गोव्यात नरक चतुर्दशीला तुळशीपुढे कारीट (छोटं कडू फळ) फोडतात, ते तर आयतंच आहे. "डाव्या पायाच्या अंगठ्याने फोड." डावा, पाय, अंगठा, तिन्ही एका वाक्यात, आणि चुकलं तर कारीट फुटत नाही, घरंगळत जातं!

अडचणीही आहेत. पहाटेची थंडी, झोपेतून उठवलेलं मूल आणि फराळाची घाई यांत शिकवणी जमत नाही. म्हणून हा प्रयोग पहिल्या अंघोळीला न करता पुढच्या रविवारी निवांत करावा, उटणं उरलेलं असतंच. नागरमोथा, कचोरा यांची पूड खरखरीत असते. चाळून, सायीत कालवून लावा आणि चेहऱ्यापासून लांब ठेवा. त्वचा नाजूक असेल तर नुसत्या तेलावर भागवा.

शाडूचं गणित वेगळं. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला शरीर जोडून बघायला आवडतं. आधी मांड्या, त्यावर पोट, मग छाती, हात, डोकं, शेवटी सोंड आणि कान. काय कशाला जोडलेलं असतं हे अंघोळीत कळत नाही, ते इथे कळतं. मान विसरली की डोकं थेट खांद्यावर बसतं आणि मूलच म्हणतं, "बाप्पाला मान नाही!" लंबोदर म्हणजे मोठं पोट, एकदंत म्हणजे एक दात, नावांचे अर्थ सांगितले की आरतीत रोज उजळणी होते. पेणच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सरावलेले हातच करतात. घरी मुलाला ती काडीने करू द्या, एक डोळा कपाळावर गेला तरी चालेल. मात्र दोन वर्षांच्या मुलासाठी बाप्पा गोंधळाचा आहे. नाकाच्या जागी सोंड, हात चार. आधी स्वतःचं नाक पक्कं होऊ दे.

पोळ्याचा बैल मला मधला वाटतो. शिंगं, वशिंड, खूर, शेपूट हे आपल्याला नसलेले अवयव, म्हणून "तुला आहे का?" हा खेळ छान रंगतो. आदल्या दिवशी खांदेमळणीत बैलाचा खांदा तूप-हळदीने चोळतात. खांदा हा शब्द त्यावरून जसा लक्षात राहतो तसा तक्त्यावरून राहत नाही. विदर्भात तान्हा पोळ्याला मुलांच्या हाती लाकडी बैलच असतो. शहरात मातीचा बैल करावा लागेल.

रंगपंचमीला "गालाला लाव, हनुवटीला लाव" एवढंच होतं, आणि रंग डोळ्यांत जायची भीती. मी ती धरत नाही.

बालवाडीच्या ताईंना अंघोळ शक्य नाही, त्यांनी सरळ माती घ्यावी, दर मुलाला मुठीएवढा गोळा. पोळा श्रावण अमावास्येला आणि गणपती तिथून चार दिवसांवर. बैलाची उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर बाप्पाला तीच कामी येते.