प्लेट खरी, कुलचिन्ह खोटं

युरोपात कुठेही जुनी चिनी पोर्सिलेनची प्लेट घ्यायचा विचार असेल, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. लिस्बनमध्ये मला 650 युरोंना विकलेल्या प्लेटची खरी किंमत शंभराच्या आतबाहेर आहे. आणि प्लेट नकली नाही, हीच तर खरी मेख.

दुकानदार साठीचा, अदबीने बोलणारा. आम्ही मूळचे कुठले हे त्याने आधी काढून घेतलं. मुंबई म्हटल्याबरोबर गोव्याचा विषय निघाला आणि आतल्या कपाटातून प्लेट बाहेर आली. मधोमध ढाल, वर मुकुट, दोन्ही बाजूंना सिंह. काठावर भाल्याच्या टोकांसारखी सोनेरी नक्षी. ‘गोव्याच्या एका व्हाइसरॉयच्या घराण्याचा सेट. त्यातली ही एवढीच उरली.’

असे सेट खरोखर होत असत. अठराव्या शतकात युरोपातली बडी घराणी आपल्या कुलचिन्हाचं चित्र जहाजाबरोबर चीनच्या कँटन बंदराला पाठवत. जिंगदेझेन या पोर्सिलेनच्या चिनी गावातल्या भट्ट्यांतून आलेल्या पांढऱ्या प्लेटांवर तिथले कारागीर ते रंगवून पुन्हा भाजत, आणि माल परतीच्या जहाजाने येई. पण त्याच जहाजांतून बिनचिन्हाचा माल कितीतरी पटींनी जास्त येई. 1752 मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या एकाच डच जहाजातून दीड लाखाच्या आसपास नग वर काढले गेले आणि 1986 मध्ये ॲमस्टरडॅमला लिलावात गेले. त्यामुळे साधी फुलांची प्लेट अजूनही स्वस्तात मिळते आणि कुलचिन्ह असलं की भाव कुठल्या कुठे जातो. लबाडीला जागा मिळते ती या फरकात.

साधी प्लेट घ्यायची, मधली फुलं घासून किंवा आम्लाने काढायची, त्या जागी कुलचिन्ह रंगवायचं आणि परत भाजायचं. बस्स.

या माणसाचं कसब असं की त्याने स्वतःहून प्लेट उलटी करून दाखवली. बुडाच्या कड्याला झिलई संपते तिथली तांबूस रेघ बोटाने दाखवली. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने 1845 पासून अशा मालाच्या किती नकला केल्या, त्या कशा ओळखायच्या, हेही सांगितलं. सगळं बरोबर! जो भाग अस्सल, तोच तो तपासायला लावत होता.

चिनी मातीची भांडी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या बाईंनी प्लेट खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरली, तेव्हा ढालीच्या खालून एक पुसट, निस्तेज देठ आणि दोन पानं दिसली. मूळचं फूल! भिंगातून पाहिलं तर सुरी-काट्याचे जुने ओरखडे सिंहाच्या रंगाखालून गेले होते. जुनं चिन्ह असतं तर ओरखडे रंगावर पडले असते. काठाचं सोनं हाताळून विटलेलं, मुकुटाचं मात्र लख्ख. शिवाय झिलईत बारीक काळे ठिपके. जुनं भांडं पुन्हा भाजलं की आत मुरलेला मळ असा वर येतो, असं त्या म्हणाल्या. यूव्ही टॉर्चवर विसंबू नका. त्यात राळेने केलेली डागडुजी दिसते, पण भाजलेला रंग सहसा पकडला जात नाही.

प्लेट परत घेऊन गेल्यावर दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘पावती बघा.’ पावतीवर लिहिलं होतं: पोर्सिलेन प्लेट, चीन, छ्येनलोंग (अठराव्या शतकातला चिनी सम्राट) काळ, रंगीत नक्षी. एकही शब्द खोटा नाही! कुलचिन्हाचा उल्लेख नाही, व्हाइसरॉयचा तर नाहीच. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू सहसा 14 दिवसांत कारण न देता परत करता येते; दुकानात जाऊन, हाताळून घेतलेल्या वस्तूला ती सवलत नाही. हेही मला त्यानेच ऐकवलं.

म्हणून कुलचिन्हाचे पैसे मोजणार असाल तर पावतीवर घराण्याचं नाव आणि ‘चिन्ह प्लेटच्याच काळातलं, नंतर रंगवलेलं नाही’ हे वाक्य लिहून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर साध्या फुलांच्या प्लेटचा भाव सांगा, त्यावर एक युरोही चढवू नका. गोव्यात किंवा मुंबईत घेत असाल तर शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंच्या व्यापाराला 1972 च्या पुरावस्तू कायद्याने परवाना लागतो. तो आधी बघायला मागा.