किट कार ठोकली असेल तर रंगाआधी चेसिस मोजा

घोडबंदर रोडवर डिव्हायडरला धडकलेली एक फायबर बॉडीची किट कार (सुट्या भागांच्या संचातून जोडलेली गाडी) रबाळे एमआयडीसीतल्या गॅरेजातून चकचकीत होऊन बाहेर आली. बिलावर ‘चेसिस अलाइनमेंट’, म्हणजे गाडीचा सांगाडा सरळ करणं, आणि ‘पुढचं फायबर नवीन’. दोन्ही खोटं. महिनाभरात पुढचे टायर आतल्या कडेनं झिजले, पावसाळ्यात मडगार्डवरचा रंग फुगला. तिथं ब्लेडनं खरवडलं तर खाली 8 मिमी पुट्टी, आणि तडा जसाच्या तसा.

पत्र्याच्या गाडीत लोहचुंबकानं पुट्टी पकडता येते. फायबरला चुंबक चिकटतच नाही, म्हणून नाण्यानं वाजवून बघा. चांगलं फायबर खणखणीत वाजतं, पुट्टी भरलेली जागा बद्द. मडगार्डच्या आतूनही हात फिरवा. खरी दुरुस्ती असेल तर मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) नवे थर हाताला लागतात. तड्याच्या कडा जाडीच्या 12 पट उतार देऊन घासाव्या लागतात, म्हणजे 3 मिमी फायबरला दोन्ही बाजूंनी 36 मिमी. मग मॅट आणि रेझिन (चिकट राळ), त्यात ती घट्ट करणारा हार्डनर 1 ते 2 टक्के. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत उघड्या शेडमध्ये हे काम करू देऊ नका.

जिवावर बेतते ती मात्र चेसिस. वाकलेली चौकोनी ट्यूब गॅसनं लाल करून ठोकली की दिसायला सरळ होते, पण चेपलेल्या जागी कमजोर राहते आणि पुढच्या धक्क्याला तिथंच दुमडते. तो तुकडा कापून, आत स्लीव्ह (नळीचा आतून बसणारा तुकडा) घालून, तिरक्या कापानं त्याच जाडीची नवी ट्यूब जोडायला हवी. त्या तुकड्यावर चेसिस नंबर असेल तर आरटीओच्या परवानगीशिवाय कापायचा नाही. विशबोन, टाय रॉड, स्टब ॲक्सल हे चाक धरणारे-वळवणारे भाग वाकले असतील तर सरळ करायचे नाहीत, बदलायचे. काढलेले जुने भाग मागून घ्या.

दुरुस्ती ठरवण्याआधी बॉडी उतरवायला लावा. गॅरेजवाला ‘गरज नाही’ म्हणाला तर गाडी दुसरीकडे न्या. चेसिस समपातळीत स्टँडवर ठेवून पुढच्या-मागच्या सस्पेन्शन माउंटिंगमधून (चाकांचे भाग चेसिसला जोडतात त्या जागांवरून) ओळंबा सोडा, फरशीवर खडूनं खुणा करा आणि दोन्ही कर्ण (पुढची डावी ते मागची उजवी खूण, आणि उलट) टेपनं मोजा. 3 मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे चेसिस वाकडी. वेल्डिंगनंतर, काळा रंग मारण्याआधी, हेच माप पुन्हा घ्या; शेवटचे पैसे त्यानंतरच.

त्या गाडीचे कर्ण बिल चुकतं केल्यावर मोजले गेले. फरक 11 मिमी. आता बॉडी, वायरिंग, रंग, सगळं दुसऱ्यांदा काढायचंय.