बाहा कॅलिफोर्नियात चार महिने व्हॅनमध्ये: वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं व्हॅन घेऊन मेक्सिकोत शिरलो आणि मार्चच्या मध्यावर परतलो. फक्त बाहाचा द्वीपकल्प केला, वरून खाली ला पाझपर्यंत आणि परत. निघण्याआधी सहा महिने मी पलंगाची उंची, सोलर आणि फ्रिज यांवर डोकं खपवत होते. तिथे गेल्यावर कळलं की आपला दिवस ठरतो तो टाकीतल्या पाण्यावर आणि मावळत्या सूर्यावर. म्हणून हा अनुभव त्याच अंगाने लिहितेय.

आधी कागद, कारण विचारणारे बरेच आहेत. आम्ही भारतीय पासपोर्टवाले, ग्रीन कार्डवर. वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. सीमेवर एफएमएम हा पर्यटक परवाना घ्यायचा. तो जास्तीत जास्त १८० दिवसांचा असतो, पण किती दिवस द्यायचे ते खिडकीतला अधिकारी ठरवतो, म्हणून आपला बेत स्पष्ट सांगावा. गाडीने जाताना कोणी अडवलंच नाही तर माणूस सरळ पुढे निघून जातो. तसं करू नका, गाडी बाजूला लावून स्वतः खिडकीशी जा. बाहात गाडीसाठी तात्पुरत्या आयातीचा परवाना लागत नाही. ला पाझहून फेरीने मुख्य भूमीवरच्या मासात्लानला उतरायचं असेल तर लागतो. अमेरिकेतला गाडीचा विमा तिथे कायद्याने चालत नाही. मेक्सिकन विमा काढाच, कारण अपघात झाला तर नुकसानभरपाईची हमी दिसेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात.

रस्ता एकच, हायवे १, तिहुआना ते काबो सान लुकास सुमारे १,७०० किलोमीटर. तो पूर्ण डांबरी झाला १९७३ मध्ये. बऱ्याच ठिकाणी अरुंद आहे आणि कडेला पट्टी अशी नाहीच. डांबर संपलं की थेट उतार. समोरून ट्रक आला की दोन आरशांमध्ये वीतभर जागा राहते. पहिल्या आठवड्यात माझे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तेव्हा ‘समोर मोकळं आहे, जा’ असं सांगत असतो, पण तो खरंच डावीकडे वळणारही असू शकतो. म्हणून डावीकडे फाटा दिसतोय का ते आधी बघायचं. गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतात आणि ते दरवेळी रंगवलेले असतातच असं नाही. अंधारात गाडी चालवायची नाही हा नियम आम्ही एकदाच मोडला, सान इग्नासिओच्या अलीकडे, आणि वळणावर रस्त्यात बसलेल्या चार गाई दिव्यात आल्या. ब्रेक लागले. त्यानंतर दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि चारच्या आत मुक्काम गाठायचा असं ठरवलं. हिवाळ्यात दिवस लहान असतो, आणि खरंच, चार महिन्यांत तेवढंच पुरलं.

पेट्रोल एल रोसारिओला गळ्यापर्यंत भरा. तिथून पुढचा भरवशाचा पंप ३०० किलोमीटरांहून लांब आहे. मध्ये काताविन्याला रस्त्याकडेला कॅनमधून पेट्रोल विकतात, ते अडीअडचणीलाच. त्या टापूतलं वाळवंट मात्र डोळे भरून बघा. कार्दोन निवडुंग तीन-चार माणसांहून उंच, आणि मधूनच सिरिओ नावाचं झाड, उलटं खोचलेल्या गाजरासारखं.

आता पाणी. आमची टाकी ८० लिटरची. पहिल्यांदा ती पाच दिवसांत संपली आणि मी घाबरले, कारण बाईआ कॉन्सेप्सिओन या उपसागराच्या किनाऱ्यावर नळ नाही. शेजारच्या व्हॅनमधले सत्तरीतले आजोबा बरीच वर्षं येताहेत. त्यांनी आमचं भांडी घासणं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “पहिलं पाणी समुद्राचं घे, मुली.” तेव्हापासून ताटं आधी समुद्राच्या पाण्यात, शेवटचा हात फक्त गोड्या पाण्याचा. कुकरमध्ये डाळ-भात-बटाटे एकावर एक, म्हणजे एक भांडं आणि थोडा गॅस. आंघोळीला झाडांवर फवारायचा दोन लिटरचा हातपंप, दुपारभर उन्हात ठेवलेला. आईचा फोनवर पहिला प्रश्न हाच होता, “अगं, पण आंघोळीचं काय?” दोन लिटरमध्ये केस सोडून सगळं होतं हे तिला अजून पटलेलं नाही. केसांना आठवड्यातून एकदा चार लिटर. असं करत तीच टाकी आठ-नऊ दिवस पुरायला लागली.

प्यायचं पाणी वेगळं ठेवलं. गावोगावी पाणी शुद्ध करून विकणारी पुरिफिकादोरा नावाची दुकानं असतात, तिथे २० लिटरचा जार भरून मिळतो. दोन जार घ्या, एक चालू, एक राखीव. मुलेहेला दर सातव्या-आठव्या दिवशी आमची फेरी व्हायची. जार, भाजी, टॉर्तिया, कपडे धुणं, सगळं एका सकाळी. ते गाव खजुराच्या बनात आहे. आठवडाभर मीठ आणि वाळू बघितल्यावर तिथली सावली अंगावर येते तेव्हा काय वाटतं ते शब्दांत नीट सांगता येत नाही मला.

मुक्कामाच्या जागांबद्दल. भरतीच्या रेषेपासून आत २० मीटरची पट्टी सरकारी आहे, पण तिथवर जाणारी वाट कोणाची तरी असते, आणि सांतिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन अशा ठिकाणी रात्रीचे पैसे रोख द्यावे लागतात. सुटे पेसो जवळ ठेवा. रेकेसोनला ओहोटीत वाळूची एक जीभ उघडी पडते आणि समोरच्या बेटापर्यंत पायी जाता येतं. आम्ही तिथे अकरा दिवस राहिलो. गुलाबी-राखाडी पहाट, पेलिकनांची ओळ आणि चहा. यासाठी मी पुन्हा तेवढाच रस्ता तुडवेन.

वाऱ्याचं कोणी नीट सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात कोर्तेसच्या समुद्रावर, म्हणजे बाहा आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या समुद्रावर, उत्तरेचा वारा सुटतो, त्याला तिथे एल नोर्ते म्हणतात, आणि तो तीन-तीन दिवस थांबत नाही. उंच छताची व्हॅन रात्रभर डुलते. तोंड वाऱ्याकडे करून लावली की बरंच निभावतं, आणि सरकता दरवाजा आडोशाच्या बाजूला आला तरच स्वयंपाक होतो. बाहेरचा तंबू-छत्री प्रकार आम्ही डिसेंबरात गुंडाळला तो पुन्हा उघडलाच नाही. तो घेऊ नका.

वाळूत एकदा रुतलो. चूक माझी, टायरची हवा कमी न करता ओल्या दिसणाऱ्या वाळूवर गेले. एका कोळ्याने पिकअपने ओढून काढलं आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. त्याच्या मुलांना आमच्याकडचे बेसनाचे लाडू दिले. त्यानंतर कच्च्या वाटेवर शिरताना हवा निम्म्यावर आणायची आणि डांबर लागलं की छोट्या कॉम्प्रेसरने भरायची, हे अंगवळणी पडलं. कॉम्प्रेसर ही या सगळ्यातली सर्वांत कामाची खरेदी. २०० वॉटचं सोलर आणि १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी फ्रिज, दिवे, फोन यांना पुरली, एकदाही बाहेरून वीज घेतली नाही. खण मात्र खडबडीत रस्त्यावर आपोआप उघडायचे. सगळ्यांना कड्या लावाव्या लागल्या. कॅसेट टॉयलेट रिकामं करायच्या सोयी फार कमी आहेत, त्यामुळे गावात शिरताना तोही हिशेब धरा.

२८ अंश अक्षांशाच्या रेषेवर राज्य बदलतं आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं. तिथल्या शेतमालाच्या तपासणीत आमची संत्री काढून घेतली. पुढे गेर्रेरो नेग्रो, जगातल्या सर्वांत मोठ्या मिठागरांपैकी एक. फेब्रुवारीत सान इग्नासिओच्या खाडीवर गेलो. राखाडी देवमासे आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहत इथे पिल्लं घालायला येतात. ही जागा १९९३ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. होडीतून बघितले, एका पिल्लाने होडीला नाक लावलं, माझा हात त्याच्या पाठीवर होता. पण मनात राहिली आहे ती रात्र. व्हॅन पाण्यालगत लावली होती, वारा पडला होता आणि अंधारातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. दर काही मिनिटांनी एक लांब फुत्कार, मग शांतता. आम्ही दोघं उशीरापर्यंत दरवाजा उघडा ठेवून बसलो होतो.

परतताना तेकातेच्या सीमानाक्यावर दोन तास रांगेत गेले. गेल्या आठवड्यात पलंगाखाली आणखी ४० लिटरची टाकी बसवून घेतली आणि छत्री विकून टाकली. या नोव्हेंबरात पुन्हा निघतोय.