घरचा मोठा संग्रह कुठे ठेवावा: राउटरला डिस्क, तयार नॅस की स्वतः जुळवलेला संगणक?

टेबलाच्या खणात पाच यूएसबी डिस्क. त्यांतल्या दोन अर्ध्या रिकाम्या, एकीवर जुने फोटो, आणि तेच फोटो आणखी एकीवर. कुणाला टीव्हीवर काही बघायचं असलं की आधी डिस्क शोधायची आणि मग टीव्हीच्या मागे हात घालून ती लावायची. संग्रह एवढा वाढला की तो एका जागी ठेवून घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून उघडता यावा असं वाटतंच. त्यासाठी तीन रस्ते आहेत: राउटरलाच डिस्क जोडायची, तयार नॅस (नेटवर्कला जोडलेला, डिस्क ठेवण्याचा डबा) विकत घ्यायचा, किंवा एखादा संगणक जुळवून त्याचाच नॅस करायचा.

मी या तिन्ही रस्त्यांनी गेलो आहे. वेग, सोय, खर्च यांच्याही आधी मी प्रत्येक पर्यायाला एक प्रश्न विचारतो: उद्या हा डबा बंद पडला, तर आतल्या डिस्कवरच्या फाइली परत मिळणार कशा? माझ्या चार डिस्कच्या तयार नॅसचा मदरबोर्ड गेला होता. डिस्क चारही ठणठणीत होत्या, पण लॅपटॉपला लावल्यावर त्यांतली एकही उघडेना. शेवटी जुन्या संगणकावर लिनक्स टाकून चारही डिस्क एकदम जोडल्या आणि सगळं परत मिळालं. पण घरातले कित्येक फोटो फक्त तिथेच होते, आणि तो आठवडा मी अजून विसरलेलो नाही.

आधी मोजमाप

स्वतःकडच्या ४के ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल साधारण ५० ते ८० जीबीची होते, साध्या ब्लू-रेची २० ते ४० जीबीची. फ्लॅकमधला (आवाजाचा दर्जा न घालवता साठवलेला) गाण्यांचा एक अल्बम ३०० ते ४०० एमबीत बसतो. म्हणजे शंभर ४के चित्रपट जवळजवळ ६ टीबी घेतात, आणि हजार अल्बम अर्ध्या टीबीच्याही आत राहतात. संग्रह मुख्यतः गाण्यांचा आणि फोटोंचा असेल तर पुढचा बराचसा खर्च तुम्हाला लागूच होत नाही.

डिस्कवर छापलेला आकडा आणि संगणक दाखवतो तो आकडाही सारखा नसतो. कंपन्या १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे १० टीबीची डिस्क ९.०९ दिसते. त्यातून पॅरिटीची, म्हणजे डिस्क गेली तर तिच्यावरचं पुन्हा बनवता यावं म्हणून ठेवलेल्या जादा माहितीची, जागा वजा होते. चार डिस्क ८ टीबीच्या घेतल्या, तर रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाऊन २४ टीबी हातात येतात, रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी जाऊन १६.

राउटरला यूएसबी डिस्क

यात शिकण्यासारखं फारसं काही नाही. डिस्क लावायची, राउटरच्या सेटिंगमध्ये शेअरिंग चालू करायचं, टीव्हीला ती दिसते. राउटरचा प्रोसेसर फाइल वाटण्यासाठी बनवलेला नसतो, म्हणून वेग कमीच मिळतो. पोर्ट यूएसबी २.० असेल तर सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जाणं कठीण. डिस्क आजारी पडली तरी राउटर बहुधा काही सांगत नाही. पोर्टेबल डिस्कला काही राउटरांच्या पोर्टमधून वीजही पुरत नाही. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क घ्यावी.

तरीही माझ्या प्रश्नाचं सर्वांत सरळ उत्तर इथेच मिळतं: डिस्क काढायची, संगणकाला लावायची, काम झालं. चार-पाच टीबीचा संग्रह आणि एका वेळी एक-दोघं बघणारे असतील तर एक डिस्क राउटरला आणि तेवढीच दुसरी कपाटात, महिन्यातून एकदा नक्कल करायला, एवढं पुरतं. बॅकअप नसलेल्या चार डिस्कच्या महागड्या नॅसपेक्षा ही जोडी मला कधीही जास्त भरवशाची वाटते.

तयार नॅस

सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांच्या डब्यात तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः सॉफ्टवेअरचे. तासाभरात चालू होतं. फोनमधले फोटो आपोआप त्यात जाऊन पडतात, डिस्क खराब व्हायला लागली की ईमेल येतो, घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं देता येतं. सिनॉलॉजीच्या एसएचआर पद्धतीत वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क एकत्र चालतात आणि पुढे एकेक मोठी डिस्क बदलत जागा वाढवता येते. घरात तांत्रिक गोष्टींची आवड असलेलं दुसरं कोणी नसेल, तर तुमच्या गैरहजेरीत इतरांना हाताळता येईल असा पर्याय हाच. ही बाजू तुलना करताना राहून जाते, पण घरच्या यंत्रासाठी ती फार महत्त्वाची आहे.

बदल्यात तुम्ही कंपनीच्या धोरणाला बांधले जाता. २०२५ मध्ये सिनॉलॉजीनं नव्या प्लस मॉडेलांत इतर कंपन्यांच्या डिस्कवर निर्बंध आणले. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्यांच्या नॅसच्या सॉफ्टवेअरच्या डीएसएम ७.३ या आवृत्तीत, ते बरेचसे सैल केले. निर्णय मागे घेतला गेला, पण असा निर्णय आपल्या हाती नसतो हे त्यातून दिसलंच.

दुसरा धोका इंटरनेटचा. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ च्या सुरुवातीपासून डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या डब्यांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या डिस्क दुरूनच पुसल्या गेल्या. यावरून मी एक नियम पक्का केला आहे: राउटरमध्ये नॅससाठी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडायचा नाही. बाहेरून संग्रह हवा असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनमधून, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या खाजगी, सुरक्षित वाटेनं यायचं. नॅस स्वतः जुळवलात तरी नियम हाच.

डबा गेला तर? सिनॉलॉजीच्या आत डिस्क एकत्र बांधणारे लिनक्सचेच एमडीएडीएम आणि एलव्हीएम हे प्रोग्राम असतात, त्यामुळे सगळ्या डिस्क एकदम एका लिनक्स संगणकाला जोडून माहिती बाहेर काढता येते. मात्र त्यासाठी तितके साटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या जागा) असलेला संगणक आणि शांत डोकं, दोन्ही लागतात.

स्वतः जुळवलेला नॅस

इथे पर्याय जास्त आहेत, म्हणून इथे जरा थांबू या. यंत्र म्हणून जुना डेस्कटॉप चालतो, किंवा इंटेल एन१०० सारख्या कमी विजेच्या प्रोसेसरचा छोटा संगणक. विजेचा हिशेब आधी करावा. ७० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप अखंड चालू ठेवला तर वर्षाला ६१३ युनिट होतात, ३० वॅटच्या यंत्राला २६३. फुकटात मिळालेला जुना संगणक चार-पाच वर्षांत फुकट राहत नाही.

खरी निवड सॉफ्टवेअरची. ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर झेडएफएस या फाइल सिस्टमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) चालतं. झेडएफएस माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम (तो बदलला का हे ओळखण्याची खूण) ठेवतं आणि डिस्कनं गुपचूप चुकीची माहिती दिली तर ती ओळखून पॅरिटीवरून दुरुस्त करतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फोटोंसाठी याहून चांगला रखवालदार मला माहीत नाही. डबा गेला तर डिस्क ओपनझेडएफएस (झेडएफएसची मुक्त आवृत्ती) असलेल्या कोणत्याही यंत्रात लावायच्या आणि पूल, म्हणजे त्या डिस्कचा एकत्र साठा, आयात करायचा. अडचण वाढवण्याची होती: रेडझेडच्या (झेडएफएसच्या पॅरिटीवाल्या) गटात एकेकटी डिस्क घालता येत नसे. ती सोय जानेवारी २०२५ मध्ये ओपनझेडएफएस २.३ नं आणली. आता घरगुती वापरासाठी झेडएफएस बरंच सोयीचं झालं आहे. गटातल्या सगळ्या डिस्क मात्र एकत्रच फिरतात, एकच गाणं ऐकायचं असलं तरी.

अनरेड आणि स्नॅपरेड या आणखी दोन सॉफ्टवेअरांचा विचार वेगळा आहे, आणि चित्रपट-गाण्यांच्या संग्रहाला तो चपखल बसतो. असा संग्रह एकदा लिहिला जातो आणि मग फक्त वाचला जातो. या दोन्ही पद्धतींत प्रत्येक डिस्कवर तिची तिची संपूर्ण फाइल सिस्टम असते आणि पॅरिटी वेगळ्या डिस्कवर. चित्रपट ज्या डिस्कवर आहे तेवढीच फिरते. रेड ५ मध्ये दोन डिस्क एकदम गेल्या तर सगळंच जातं. इथे फक्त त्या दोन डिस्कवरचं जातं, बाकीच्या सुखरूप राहतात. आणि कोणतीही एक डिस्क काढून लिनक्स संगणकाला लावली तर ती सरळ वाचता येते. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राउटरच्या डिस्कइतकंच सोपं, पण जागा कितीतरी जास्त.

दोघांत फरक असा. अनरेडला परवाना विकत घ्यावा लागतो, पण ते ब्राउझरमधून सहज चालवता येतं आणि पॅरिटी लिहितानाच बनते. त्यामुळे लिहिण्याचा वेग कमी होतो. नव्या फाइली आधी एसएसडीवर घेऊन रात्री डिस्कवर हलवण्याची सोय त्यासाठीच आहे. स्नॅपरेड मोफत आहे. ओपनमीडियाव्हॉल्ट या नॅसच्या सॉफ्टवेअरवर मर्जरएफएस या प्रोग्रामच्या जोडीनं ते चालवतात, म्हणजे सगळ्या डिस्क एकच मोठा फोल्डर असल्यासारख्या दिसतात. त्याची पॅरिटी ठरलेल्या वेळी बनते. आज टाकलेली फाइल रात्री पॅरिटी बनेपर्यंत, म्हणजे सिंकपर्यंत, असुरक्षित असते, पण चुकून काही पुसलंत तर सिंकच्या आधी ते परत आणता येतं. चेकसम स्नॅपरेडकडे आहेत. अनरेडच्या नेहमीच्या एक्सएफएस डिस्कवर मात्र पॅरिटी जुळत नाही एवढंच कळतं, चूक कोणत्या डिस्कची हे कळत नाही. दोन्हींत पॅरिटीची डिस्क सर्वांत मोठ्या डिस्कएवढी तरी हवी, म्हणून पहिली मोठी डिस्क घ्याल ती पॅरिटीला द्या.

माझा कौल: संग्रह मुख्यतः चित्रपटांचा, डिस्क वेगवेगळ्या आकारांच्या आणि एकेक करून येणाऱ्या असतील तर स्नॅपरेड किंवा अनरेड. संग्रहात स्वतःचं चित्रीकरण, रॉ फोटो, ध्वनिमुद्रणं जास्त असतील तर झेडएफएस, तेही दोन डिस्कचा साधा मिरर, म्हणजे दोन्हींवर सारखीच प्रत. मिररमधली कोणतीही एक डिस्क पूर्ण संग्रह बाळगून असते, यातच त्याचं मोल आहे.

टीव्हीवर चालेल का?

नॅसचा प्रोसेसर केवढा घ्यावा हा प्रश्न बहुतेक वेळा टीव्हीवर अवलंबून असतो. टीव्ही किंवा त्याला जोडलेली पेटी फाइल थेट चालवू शकत असेल तर नॅस फक्त ती पाठवतो, त्याला जवळजवळ काहीच काम पडत नाही. चालवू शकत नसेल तर नॅसला चालता चालता ती बदलावी लागते. ब्लू-रेची चित्ररूप सबटायटल्स टीव्हीला दाखवता आली नाहीत तरी हेच घडतं, आणि मग सशक्त वाटणारा डबाही अडखळतो. अशा घरात क्विक सिंक (व्हिडिओ बदलण्याचं काम करणारा खास भाग) असलेला इंटेल प्रोसेसर निवडावा. काही तयार डब्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचा भागच नसतो, खरेदीआधी ते पाहून घ्या. नॅसवरचा संग्रह टीव्हीवर दाखवणाऱ्या प्रोग्रामांपैकी जेलीफिनमध्ये हे काम हार्डवेअरकडून मोफत करून घेता येतं, प्लेक्समध्ये त्यासाठी प्लेक्स पास ही सशुल्क वर्गणी लागते. प्लेक्स नवख्यांना सोपं जातं, मी जेलीफिन वापरतो.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. ४के ब्लू-रेचा प्रवाह सेकंदाला १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकतो आणि अनेक टीव्हींचा केबल पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो. म्हणून केबल लावूनही चित्र अडकत असेल तर नॅस बदलू नका. गिगाबिट पोर्टची वेगळी पेटी घ्या, किंवा त्याच टीव्हीचं चांगल्या सिग्नलचं वायफाय वापरून बघा. बघण्यासाठी गिगाबिट भरपूर आहे. २.५ गिगाबिटचा फायदा नकला करताना: १० टीबी गिगाबिटवरून हलवायला साधारण २५ तास लागतात.

डिस्क आणि दुसरी प्रत

डिस्क घेताना ती सीएमआर आहे याची खात्री करा. सीएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात, एसएमआरमध्ये त्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि पुन्हा लिहिणं संथ होतं. २०२० मध्ये नॅससाठी विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘डब्ल्यूडी रेड’ नावाच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि त्यांच्यावर डिस्कचा गट (RAID) पुन्हा उभा करताना लोकांचे हाल झाले. झेडएफएससाठी एसएमआर टाळाच.

पॅरिटीला बॅकअप समजू नका. रेड किंवा मिररवर फोल्डर पुसला की तो त्याच क्षणी सगळीकडून पुसला जातो, आणि वीज कोसळली तर सगळ्या डिस्क एकाच डब्यात असतात. मात्र पूर्ण संग्रहाची दुसरी प्रत प्रत्येकालाच परवडेल असं नाही. मी संग्रहाचे दोन भाग केले. पुन्हा मिळू शकतं ते, म्हणजे माझ्याकडे ज्यांच्या डिस्क आहेत ते चित्रपट आणि गाणी. यांची फक्त यादी जपून ठेवतो. आणि पुन्हा कधीच मिळणार नाही ते: घरचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, लग्नाचं चित्रीकरण. हा भाग अख्ख्या संग्रहाच्या मानानं छोटा असतो. त्याच्या मी तीन प्रती ठेवतो, एक नॅसवर, एक कपाटातल्या डिस्कवर, एक घराबाहेर.

नॅस कोणताही घ्या, संग्रह भरण्याआधी दोन-तीन दिवस त्याच्याशी खेळा. थोड्या फाइली टाका, एक डिस्क काढा, काय होतं ते पाहा आणि ती पुन्हा उभी करा. मग सगळ्याच डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि त्या फाइली उघडून बघा. कोणत्या क्रमानं काय केलंत ते कागदावर लिहा आणि तो कागद डब्याच्या पाठीमागे चिकटवा.