पाइकला आधी कुठे भेटायचं?

पाइक म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या एंटरप्राइज यानाचा कप्तान. त्याची मालिका 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' (2022) सुरू करण्याआधी दोन वाटा आहेत. एक, 'डिस्कव्हरी' या आणखी एका 'स्टार ट्रेक' मालिकेचा दुसरा सीझन (2019): 14 भाग; पाइक आणि त्याचे अधिकारी स्पॉक, नंबर वन यांना नव्या मालिकेत इथलेच कलाकार पुढे नेतात. वेळ नसेल तर निदान बारावा भाग चुकवू नका. भविष्य दाखवणाऱ्या काल-स्फटिकाला हात लावताच पाइकला खुर्चीत अडकलेलं, होरपळलेलं स्वतःचंच रूप दिसतं. नव्या मालिकेतली त्याची सगळी घालमेल तिथलीच.

दुसरी वाट 1966 ची, मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेतली 'द मेनाजरी' ही कथा. दोनच भाग, त्यातही बराचसा मजकूर नाकारलेल्या जुन्या पायलटमधला (मालिकेच्या चाचणी-भागातला), त्यामुळे रेंगाळतं (कोर्टाचे प्रसंग तर फारच). पण ती खुर्ची इथलीच; बोलता न येणारा पाइक तिच्या दिव्यानेच उत्तर देतो: दिवा एकदा लुकलुकला की 'हो', दोनदा म्हणजे 'नाही'.

आधी 'मेनाजरी'च बघा. क्रम उलटला, तर खुर्चीचा धक्का आधीच फुटलेला असतो.